पुढची सीट

लेकीने सीटखालचा दांडा ओढला आणि बाबांच्या शेजारची पुढची सीट खाडकन मागे सरकवली. एवढी पुढे घेऊन आई बसते तरी कशी, नाक काचेला टेकत असेल, असं ती पुटपुटली. आई आज मागे बसली होती. तिने नुसती पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

गाडी छोटी, जपानी बनावटीची, बारा वर्षं जुनी. घरात तिला डबी म्हणत. बाबा नकाशे आखायच्या कचेरीतून निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी घेतलेली. डबीच्या अंगावर अजून एक ओरखडा नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्याही आधी सांगत. सोमवारपासून लेक पुन्हा कामावर जाणार होती आणि तिच्या छोटीला शाळेतून आणायचं काम बाबांनी हौसेने मागून घेतलं होतं. त्या वेळी आईचा शिवणाचा वर्ग असतो. म्हणजे आजोबा आणि नात, दोघंच. म्हणून आज शाळेपर्यंत रंगीत तालीम.

गल्लीतून बाहेर पडताच आईचं सुरू झालं. डावीकडे सायकल. पुढे टेम्पो. हळू, खड्डा आहे. अलीकडे हे फारच वाढलं होतं आणि सोमवारच्या काळजीने लेकीचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं.

"आई, शाळा येईपर्यंत एक शब्द बोलू नकोस. बाबांना चालवू दे."

"अगं, पण..."

"एकही नाही."

आईने तोंड मिटलं. बाबांनी एकदा आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग निम्म्यावर आला. मागून हॉर्न वाजू लागले. सिग्नल हिरवा झाला तरी ते थांबूनच राहिले; शेजारची बस हलली तेव्हा हलले. आपलं बोलणं त्यांना लागलं की काय, या विचाराने लेक चुळबुळत राहिली. तिने खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. बाबांच्या कानामागून घामाचा ओघळ उतरत होता.

शाळेच्या वळणावर मागून आवाज आला.

"थांबा."

ब्रेक असा लागला की पट्टा लेकीच्या खांद्यात रुतला. समोर चार हातांवर, पांढऱ्या पट्ट्यांवरून, पोरांची रांग चालली होती, एकमेकांची दप्तरं धरून. कुणाला काही झालं नव्हतं.

बाबांनी मान न वळवता विचारलं, "काय होतं गं?"

लेकीला वाटलं, ते चेष्टा करताहेत. त्यांना सवय होती. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते सरळ त्या रांगेकडेच बघत होते.

दोन वर्षं झाली, आईने हळूच सांगितलं. चष्मेही बदलून पाहिले. पण गाडी सुटली की हे घरात नुसते बसून राहतील, म्हणून ती बोलत राहिली.

परतताना लेक चालवत होती. बाबा शेजारी बसले होते, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न सुचून. घराजवळचा चौक आला.

"पुढे लाल आहे," मागून आई सवयीने म्हणाली.

बाबांनी हात मागे नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"राहू दे गं आता," ते म्हणाले. "हिला दिसतंय."