आबांची घागर

मातीच्या घागरीत पाणी ओतायला मी तांब्या उचलला आणि देवळीत ठेवलेला आबांचा फोन टिणटिणला. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने या दिवशी घागर भरायची, म्हणजे त्याला पाणी पोचतं, ही आमच्या खान्देशाची रीत. आबा म्हणजे माझे सासरे पितांबर. महिन्यापूर्वीच कोरोनाने धुळ्याच्या दवाखान्यात वारले होते.

"वाच," सासूबाई म्हणाल्या. शेतकऱ्यांच्या मदतीचे दोन हजार आबांच्या खात्यात जमा झाले होते. आदल्या वर्षी टाळेबंदीत कापूस घरात पडून असताना हाच हप्ता आला, तेव्हा आबांनी अख्ख्या गल्लीला फोन दाखवला होता. दिल्लीला माझा पत्ता माहीत आहे, असं म्हणत चार दिवस मिरवत होते, आणि आम्ही पदर तोंडात धरून हसत होतो.

सासूबाईंनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "सरकार मरेल माणूसले पैसा दी का, मोहिनी?"

आबा गेल्याचं बँकेला अजून कुणी कळवलंच नव्हतं, एवढंच खरं होतं. पण ते माझ्या तोंडून निघेना. आबांचा चेहरा कुणीच पाहिला नव्हता. माझ्या नवऱ्याला, हितेंद्रला, लांबून नुसतं गुंडाळलेलं दाखवलं होतं. वॉर्डातला माणूस म्हणाला, म्हातारा रात्रभर पाणी मागत होता. हे हितेंद्र घरी येऊन बोलून बसला, आणि तेव्हापासून सासूबाईंच्या घशाखाली पाणी सुखाने उतरलं नव्हतं.

जित्या माणसाची घागर भरू नये, म्हणून त्यांनी ती कोरडीच कोपऱ्यात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाळावर कुंकू होतं.

पुढचे हप्तेही आले. फोन वाजला की त्या आमच्या तळहातावर साखर ठेवत. पैशाला मात्र हात लावू देत नसत. "त्यास्ना पैसा शे, त्याच काढतीन," म्हणत. गल्लीला वाटलं, कुंदाबाईचं डोकं फिरलं. मला राग यायचा. मलाही आबा हवे होते, पण या घरात रडायची सोय उरली नव्हती.

हिवाळ्यात कळलं की कोरोनाने माणूस गेलेल्या घरांना सरकार मदत देतंय. आमची विहिरीवरची मोटार जळाली होती, कांदा उभा वाळत होता. हितेंद्रने आईला सगळं खरं सांगितलं. ती मदत घ्यायची तर आबा गेल्याचं कळवावं लागेल, आणि मग फोनवर हप्ता येणार नाही. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवण तसंच परत जायचं. शेवटी एका सकाळी तो त्यांच्या पायाशी येऊन बसला.

"आई, मना बी बाप गया ना."

त्या उठून बसल्या आणि अर्जावर उमटवायला अंगठा पुढे केला. मदत आली, नवी मोटार बसली, कांदा वाचला.

पुन्हा आखाजी आली. बाहेर निंबाला झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. सासूबाई सकाळपासून देवळीखाली बसून होत्या. मागच्या आखाजीला हप्ता आला होता, तसा याही आखाजीला येईल, एवढीच आशा. "उना का?" त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हणाले. ऊन उंबऱ्यावर आलं तशा त्या उठून मोरीत गेल्या. तोंड धुऊन आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं.

त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलली आणि पदराने धूळ पुसली.

"आई, नवी आनेल शे," मी नवी घागर पुढे केली.

"हाईच ऱ्हाऊ दे. हाई त्यास्नी शे."

त्यांनी पाणी ओतलं. वर्षभर कोरडी पडलेली माती पाणी पीत होती, बुडाशी पाझरतही होती; काठापर्यंत भरलेलं पाणी बघता बघता खाली उतरलं. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा उतरलं. त्या थांबेनात.

"बठ्ठी रात तहानेल व्हतात," त्या म्हणाल्या. "पिऊ दे त्यास्ले."

घरातलं पाणी संपलं. मी हंडा घेतला आणि विहिरीवर जाऊन मोटार चालू केली.