चेरीचं ठिगळ

युद्धात बेपत्ता झालेली माणसं मिळून शोधायची असं सीमेच्या दोन बाजूंच्या तुझ्ला आणि बेलग्रेड या शहरांतल्या दोन संस्थांनी ठरवलं, त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत किती बैठका झाल्या, ते मोजणं तुझ्लाच्या संस्थेतल्या सेनियाने कधीच सोडून दिलं होतं. माणूस मात्र एकही सापडला नव्हता. आज तुझ्लातल्या बैठकीत तर सकाळपासून अहवालावर कुणाचं बोधचिन्ह आधी छापायचं यावरच घोडं अडलं होतं. डोंबलाचं सहकार्य, असं मनात म्हणत ती कॉफीसाठी बाहेर आली.

तिच्या टेबलाशी दर गुरुवारी देव्लेताआई येऊन बसायच्या. लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलाला, रेफिकला, द्रीना नदीकाठच्या गावातून उचलून नेलं, तो परत आला नाही. "काही कळलं का गं?" एवढंच त्या विचारायच्या. पूर्वी बसने एकट्या यायच्या. आता डोळे गेल्यामुळे भाची हाताला धरून आणायची.

व्हरांड्यात बेलग्रेडच्या संस्थेतला चेडोमिर सिगारेट ओढत होता. दहा वर्षांची दोस्ती, त्यामुळे त्याच्याशी खरं बोलता यायचं. तो म्हणाला, काही साक्षी डोक्यातून जातच नाहीत. एका पोकलेनवाल्याने जुन्या वीटभट्टीमागे सात जणांवर माती ओढली होती, हुकमावरून. त्या सातांतला एकच त्याच्या लक्षात राहिला होता, कारण त्याच्या जाकिटाच्या कोपरावर चेरीच्या नक्षीचं ठिगळ होतं.

सेनियाने कॉफीचा कप कठड्यावर ठेवला.

"कसल्या चेरी?"

"पांढऱ्यावर लाल. पडद्याचं कापड असावं, म्हणाला."

स्वयंपाकघराच्या पडद्याचंच होतं ते. देव्लेताआईंनी सांगितलं होतं आणि सेनियाने स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं. त्या ठिगळावरून रेफिक आईला किती हसला होता, तेसुद्धा.

"ही साक्ष कधीची, चेडो?"

"चार वर्षांपूर्वीची. तुम्हाला पाठवली की, पहिल्याच गठ्ठ्यात."

पाठवली होती, तेच तर दुखणं होतं. सीमेपलीकडे कागद जाण्याआधी नाव, गाव, खूण, ओळख पटेल असं सगळं त्यातून काढायचं, असा नियम होता. साक्षीदारांच्या जिवाला धोका नको म्हणून. ठिगळ गाळून तिकडून नुसतं 'गडद जाकीट' आलं, इकडून नुसतं 'गडद जाकीट' गेलं आणि दोन्ही कागदांच्या प्रती एकाच कपाटात शेजारी शेजारी पडून राहिले. तो नियम सेनियानेच लिहिला होता. त्याचा तिला केवढा अभिमान! आता स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दोघं तसेच आपापल्या संचालकांकडे गेले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: नावं उघड करायची तर साक्षीदाराची आणि दोन्ही संस्थांची लेखी परवानगी लागेल. चेडोमिर त्याच दिवशी गाडी काढून पोकलेनवाल्याकडे गेला. म्हाताऱ्याने स्वयंपाकघरात बसून सही केली आणि म्हणाला, "मला वाटलं, त्याचं मागे कुणी उरलंच नसेल."

संचालकांच्या दोन सह्यांना अकरा आठवडे लागले. एक सुट्टीवर, दुसऱ्याला वकिलाचा सल्ला हवा. सेनिया रोज फोन करायची आणि रोज तळपायाची आग मस्तकात जायची. नोकरी सोडेन म्हणून धमकीसुद्धा दिली. तिला शांत राहायला सांगण्यात आलं. गुरुवारी देव्लेताआई यायच्या, विचारायच्या, आणि नियमाप्रमाणे ती "अजून नाही" म्हणायची.

शेवटी वीटभट्टीमागे खणलं. सात जण सापडले. आईच्या रक्ताशी हाडं ताडून पाहिली, तेव्हा रेफिकचं नाव पक्कं झालं. एका साक्षीदाराने जागा आणि ठिगळ सांगितलं, एवढं कळवून देव्लेताआईंना कपडे ओळखायला बोलावलं, तेव्हा सेनियाने त्यांना हाताला धरून टेबलापाशी नेलं. त्यांनी बाही चाचपली, कोपर शोधलं, आणि बोटं शिवणीवर थांबली.

"टाका माझाच आहे. घाईत घातलेला." मग त्यांनी विचारलं, "चेरी दिसतात का गं अजून?"

कापडावर मातीशिवाय दुसरा रंग उरला नव्हता.

"दिसतात," सेनिया म्हणाली.

"जागा दाखवणाऱ्या त्या माणसाने हे कधी सांगितलं?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. तिला ते जमलं नाही.

"चार वर्षं झाली, आई."

देव्लेताआईंनी ठिगळावरचा हात काढला नाही.

"तेव्हा मला दिसत होतं," त्या म्हणाल्या.