बावीस वेळा नाही

दाढ काढायची म्हणून निवृत्त हेडक्लार्कांनी दवाखान्याचा फॉर्म चार दिवस आधीच घरी आणला. आठवडाभर दाढ अशी ठणकत होती की पाणीसुद्धा डाव्या गालाला चुकवून प्यावं लागे. शुक्रवारी दाढ निघालीच पाहिजे होती.

प्रश्न बावीस. मधुमेह आहे का, दमा आहे का, गरोदर आहात का. हेडक्लार्कांनी सुवाच्य अक्षरात बावीस वेळा 'नाही' लिहिलं. 'होय' लिहिणाऱ्याचा अर्ज टेबलाटेबलांवरून फिरत राहतो, हे त्यांनी छत्तीस वर्षं पाहिलं होतं. बरेचदा फिरवणारे तेच असत.

शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला. "काका, एकही आजार नाही?"

"अहो, हृदयात स्प्रिंग बसवलीय ना?" शेजारून बायको म्हणाली.

"बसवली म्हणजे ते प्रकरण निकाली निघालं."

"आणि रक्त पातळ करायची गोळी?"

"ती सोमवारी बंद केली. फॉर्मवर खोटं कसं लिहिणार?"

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "काका, दाढेतून रक्त आलं तर मी कापूस दाबीन, टाका घालीन. ती स्प्रिंग तुंबली तर माझ्याकडे फक्त पक्कड आहे."

हेडक्लार्कांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे आज दाढ नाही?"

बाईंनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. "हो, चार दिवस. नाही हो, विसरले नाहीत, फॉर्मसाठी." पलीकडून आधी हसू आलं, मग बराच वेळ ओरडा. निकाल असा: गोळी आत्ता घ्यायची, यापुढे न विचारता बंद करायची नाही, आणि दाढ काढायला हरकत नाही.

हेडक्लार्कांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. वर लिहिलं होतं, 'शिल्लक, चार नग'.

"चारही घेऊ?"

"एक," दोघी म्हणाल्या.

मग त्यांनी दोन ठिकाणचं 'नाही' खोडून 'होय' केलं, दोन्ही खाडाखोडींवर सही केली आणि खुर्चीत जाऊन आ केला. रक्तदाब ठीक निघाला, दाढही निघाली, एक टाका पडला.

"कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरायचा," बाई म्हणाल्या. "बोलायचं अजिबात नाही."

बायकोने खुर्ची जवळ ओढली, पदर सावरला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"डॉक्टर, तासभर धरला तर काही अपाय?"