वऱ्हाडचा एकमेव विजय

वऱ्हाड नेमका कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर त्या काळी विचारणाऱ्याच्या तब्येतीप्रमाणे मिळे. कागदोपत्री मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा आणि लाटसाहेब नागपुरात. अशा मुलखाला स्वतःचा राष्ट्रीय रग्बी संघ असावा, हे बुलढाण्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ते आलं जंगल खात्याच्या लॉरिमर साहेबाच्या डोक्यात, कारण हा साहेब इंग्रज नव्हता, स्कॉच होता. त्याच्या मुलखाचा राजा इंग्लंडचाच, पार्लमेंटही तिकडचंच, पण रग्बीचा संघ मात्र वेगळा. दरसाल इंग्लंडच्या पंधरा माणसांना चिखलात लोळवलं की त्या लोकांची स्वराज्याची भूक वर्षभरापुरती भागत असे. मग मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेल्या वऱ्हाडाने काय घोडं मारलं होतं? साहेबाने नागपूरला कळवलं. नागपूरला रग्बी म्हणजे काय हे ठाऊक नसल्यामुळे हरकत आली नाही. निजामाला कुणी विचारलं नाही.

संघाचे कप्तान हिंमतराव. धामणगाव बढ्याच्या भगवंतराव पाटलांचे थोरले चिरंजीव. वकील होऊन येतील म्हणून वडिलांनी त्यांना नागपूरला कॉलेजात घातलं होतं, ते बी. ए. होऊन आले आणि सोबत खांद्याचं मोडून जुळलेलं हाड घेऊन आले. कॉलेजातल्या एका गोऱ्या प्रोफेसराच्या नादी लागून दोन हिवाळे ते हा खेळ खेळले होते. जिल्ह्यात तो लांबट, पपईसारखा चेंडू हाताळलेला नेटिव्ह माणूस एवढाच, त्यामुळे कप्तानपदासाठी चुरस झाली नाही.

खेळाडू कुठून आणायचे? हिंमतरावांनी सरळ तालमी गाठल्या. साहेबाला अंगापिंडाचे गडी हवे होते आणि वऱ्हाडात ते तांबड्या मातीतच मिळत. सोनाळ्याचा उकंडा पहिलवान आला, त्याच्यामागे आणखी दहाएक आले, उरलेल्या जागा कचेरीतल्या कारकुनांनी भरल्या. उकंडा म्हणजे नुसता दगडी खांब. घरची मिरचीची वाडी, कोरडवाहू थोडी जमीन, आणि तापीपासून पूर्णेपर्यंतच्या जत्रांत त्याच्या नावावर गर्दी जमे.

संघ हिंदुस्थानच्या स्पर्धेत दुय्यम गटात खेळे. तिसरा गट नव्हता म्हणून दुय्यम. तीन हिवाळ्यांत वऱ्हाड कामठीच्या पलटणीच्या राखीव गड्यांकडून हरला, महूच्या तोफखान्याकडून हरला, मुंबईच्या एका बोटीवरच्या खलाशांकडून तर ते अजून जमिनीवर नीट उभेही राहिले नव्हते तेव्हा हरला.

हरण्याचं कारण हिंमतरावांना पहिल्याच सामन्यात कळलं होतं. गडी ताकदीला कमी नव्हते. चेंडू घेऊन धावत आलेल्या गोऱ्याला उकंडा असा उचलून आपटे की कडेला बसलेल्या मडमा डोळे झाकत. पण गोऱ्याची पाठ जमिनीला लागली की उकंडा त्याला सोडी, दोन पावलं मागे सरे आणि त्याला उठवायला हात देई. गोरा तो हात धरून उठे, चेंडू काखोटीला मारून धावत सुटे आणि रेघेपलीकडे जाऊन तो टेकवून गुण घेई. उकंडा पंचाकडे बघत उभा. चीत झालेला माणूस परत कसा पळतो, हे अकराच्या अकरा पहिलवानांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

"अरे, तो पडला तरी खेळ संपत नाही बे," हिंमतराव सांगत.

"पाठ लागली ना पन भाऊ त्याची."

"लागू दे. धरून ठेव त्याले."

"चीत झालेल्या मानसाच्या अंगावर हात ठेवू?" उकंडा असं विचारी, जणू हिंमतरावांनी त्याला देवळात जोडे घालून जायला सांगितलं आहे. "वस्ताद मारीन मले."

वस्ताद म्हणजे सोनाळ्याचे निवृत्ती वस्ताद. त्यांच्या तालमीत पोरगं मातीत उतरलं की पहिला धडा डावाचा नसे. समोरच्याची पाठ टेकली की हात काढायचा, मग तो बापाचा मारेकरी का असेना. हे अंगात भिनल्यावर मग धोबीपछाड, मग बाकीचं.

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडाला स्पर्धेच्या मंडळाचा निरोप आला. यंदा एक तरी सामना जिंका, नाहीतर वऱ्हाडचं नाव कमी होईल. लॉरिमर साहेबाने तो निरोप पाइप विझेपर्यंत वाचला आणि म्हणाला, "हिंमतराव, एक. माझ्या मुलखाला त्याहून जास्त कधी लागलेला नाही."

हिंमतरावांना तो एक हवाच होता. वडील जेवताना रोज विचारत, "मग, आज कोणाकडून?" गावात पोरं मळ्यात पपई फेकाफेकी करत आणि ज्याच्या हातून पपई फुटे त्याला 'कप्तान' म्हणत. बी. ए. झालेला माणूस पुष्कळ सोसतो, पण पपई नाही.

त्यांनी गड्यांना बुलढाण्याच्या माळावर आणलं. दिवसभर एकच गोष्ट. एकाने पाडायचं, पाडून वर पडून राहायचं, आणि हिंमतरावांच्या तोंडातली शिटी वाजेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी कुणालाच जमेना. पाठ टेकली की हात आपोआप सुटत. दुसऱ्या दिवशी कारकुनांना जमलं. कारकुनांना धरून ठेवायची सवय असते. उकंड्याला सगळ्यांत उशिरा जमलं. मग एका संध्याकाळी त्याने एकाला असा दाबला की शिटी वाजल्यावरही तो क्षणभर तसाच राहिला. हिंमतरावांना फार आनंद झाला.

सामना भुसावळच्या गोऱ्या इंजिनवाल्यांशी होता. त्यांच्यात एक लांब टांगांचा गडी होता, वाऱ्यासारखा पळणारा. बाकीचे त्याच्यामागे फक्त फिरायला आल्यासारखे. उकंड्याने त्या गड्याला दर खेपेला पाडला आणि दर खेपेला त्याच्यावर बसून राहिला. तो इंग्रजीत पुष्कळ बोलला. उकंडा ऐकून घेई, उठत नसे. सामना संपत आला असताना चेंडू हिंमतरावांच्या हातात आला; ते पळाले, पाय घसरला आणि ते रेघेपलीकडे चेंडूवर पालथे पडले. तीन विरुद्ध शून्य. लॉरिमर साहेबाने टोपी उडवली, ती बाभळीत अडकली आणि तिथेच राहिली. वऱ्हाडचं नाव कमी झालं नाही.

त्या दिवशी भगवंतराव जेवताना काही बोलले नाहीत. हिंमतरावांना ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत चवदार भाकर लागली.

मग जत्रेचे दिवस आले. सोनाळ्याच्या दंगलीत शेवटची जोड उकंड्याची, अकोटकडच्या कारभारी नावाच्या पहिलवानाशी. कारभारी चांगला, तरणा, नुकतं लग्न झालेला. हिंमतराव मानकऱ्यांच्या बाकावर होते. कुस्ती रंगली, आणि उकंड्याने त्याला ढाकेच्या डावावर घेऊन स्वच्छ पाठीवर टाकला. पंचाने हात वर केला, हलगी थांबली, लोक फेटे उडवायला लागले.

उकंडा उठला नाही.

तो कारभाऱ्याच्या छातीवर तसाच होता, खांदा दाबून. पंचाने त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसरी मारली. कारभारी ओरडला तेव्हा फेटे उडवणारे हात खाली आले. चार जणांनी उकंड्याला ओढून काढलं, पण तोवर खांदा निखळून हात नको त्या बाजूला वळला होता. पुढे हाडवैद्याने तो बसवला, तरी कारभाऱ्याचा उजवा हात कुस्तीच्या कामाचा राहिला नाही.

एवढ्या गर्दीत कुणी शिवी दिली नाही. लोक नुसते उकंड्याकडे बघत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं.

हिंमतराव बाकावर उभे राहिले. गड्याचा दोष नाही, हे सांगणं आपलं काम आहे असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं. त्यांनी सोनाळ्याच्या त्या जत्रेत रग्बीचे नियम समजावून सांगितले. पडलेला माणूस धरला नाही तर तो उठून पळू शकतो, म्हणून तो धरावा लागतो, शिटी वाजेपर्यंत. बी. ए. च्या परीक्षेतही ते इतकं मुद्देसूद बोलले नव्हते.

निवृत्ती वस्तादांनी सगळं ऐकलं. "म्हंजे हे तुमी त्याले शिकवलं."

"हो, पण त्या खेळात—"

"पडलेल्याले दाबून ठेवाचं."

"त्या खेळात ते चालतं, वस्ताद."

"चालत असन." वस्ताद उकंड्याकडे वळले. "तुह्या अंगाले आता माह्या तालमीची माती लागू नाही."

दुसऱ्या दिवशी हिंमतराव वस्तादांच्या घरी गेले. वस्तादांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं आणि परत जायची वाट मोकळी ठेवली. कुस्तीत गैरडावाने जिंकलेला फेटा परत करतात, तसं काही करता येईल का, असं हिंमतरावांनी विचारलं. वस्ताद म्हणाले, "करून पाहा. ती गोऱ्यांची जीत परत करा, मंग बोलू."

हिंमतराव तसेच बुलढाण्याला गेले. विजय परत करायची कप्तानाची मागणी लॉरिमर साहेबाने दोनदा ऐकली. हरकत फक्त हरलेल्या संघाला घेता येते, तो म्हणाला, आणि भुसावळवाल्यांची काही तक्रार नाही. उलट त्यांना तो पहिलवान आपल्या संघात मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे. मंडळानेही अभिनंदन कळवलं होतं. विजय आत घ्यायला जेवढे दरवाजे होते, त्यातला एकही बाहेर जाणारा नव्हता.

उकंड्याकडे जायला हिंमतरावांना कित्येक आठवडे लागले. गेले तेव्हा तो वाडीत लाल मिरची खुडत होता. त्याची बायको गोजरबाई बांधावर पोत्यात मिरच्या भरत होती.

"या कप्तान," ती म्हणाली. "काऊन आले? आनखी काई शिकवाचं राह्यलं काय?"

"गप वं," उकंडा म्हणाला. "बसा भाऊ."

हिंमतराव बांधावर बसले. वस्तादांना त्यांनी काय विचारलं, साहेब काय म्हणाला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुही काई चूक नाही उकंडा. मी शिटीची सवय लावली. तिथं शिटी नव्हती. तू वाट पाहत राह्यला."

उकंड्याने आणखी एक मिरची खुडली.

"तसं नाही भाऊ," तो म्हणाला. "पंचाची थाप मले कळली होती. पयलीच. कारभारी वरडला तेही आयकू आलं."

"मग?"

"त्या भुसावळच्या लंब्याले दाबून ठेवलं ना, तवा मले लय बरं वाटलं. तो उठाले पाहे, मी उठू नाही देलं. इतक्या वर्षांत असं बरं मले कधी वाटलं नव्हतं. मंग कारभारी खाली आला आन् म्या म्हनलं, आनखी थोडं." त्याने हाताचा तिखटपणा धोतराला पुसला. "तुमी तिथं बाकावर उभे राहून माह्या बाजूनं बोलले, ते नव्हतं बोलाले पाहिजे. मले लाज वाटून राह्यली होती."

गोजरबाईने पोत्यावरून मान वर केली नाही. हे तिला आधीपासून ठाऊक असावं.

खेळाचा नियम शिकवला असं ते समजत होते. प्रोफेसराने तो त्यांना शिकवला तेव्हा त्यांनाही असंच बरं वाटलं होतं का, हे आठवून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

"तालमीत तर आता कोनी घेत नाही," उकंडा म्हणाला. "जत्रंत माहं नाव घेतलं तर लोकं उठून जातात. पन मी काय म्हनतो भाऊ, रग्बीत येतो ना मी. पुढच्या हिवाळ्यात बी. तिथं तर चालते. तिथं कोनाले वाईट वाटत नाही."

त्याने पहिल्यांदाच हिंमतरावांकडे नीट पाहिलं. त्या दगडी खांबाच्या चेहऱ्यावर एवढी आशा हिंमतरावांनी भुसावळच्या सामन्यातही पाहिली नव्हती.

"संघ मोडला उकंडा," हिंमतराव म्हणाले.

संघ तोवर मोडलेला नव्हता. पुढच्या हंगामाच्या तारखाही आल्या होत्या, साहेबाने नवी टोपी मागवली होती. तो मोडला या वाक्याने. हिंमतरावांनी साहेबाला राजीनामा नंतर दिला, आणि कप्तानाशिवाय पहिलवान एकेक करून तालमींत परतले.

"काऊन मोडला?" उकंड्याने विचारलं. "जिंकलो होतो ना आपन."

"हाव. जिंकलो होतो."

"मंग?"

हिंमतरावांनी बांधावर सांडलेली एक मिरची उचलून पोत्यात टाकली. उकंडा पुढच्या सरीत वाकला.

"भाकर खाऊन जा," गोजरबाई म्हणाली. "येवढ्या दुरून आले."

ते बसले. भाकरीवर ओल्या मिरचीचा ठेचा होता, आणि डोळ्यांत पाणी यायला ते कारण पुरेसं होतं.