इश्बेलची टाच

इश्बेलने पहार धोंड्याखाली सारली, खांद्याचा भार टाकला आणि डोंगरवाटेची एकतिसावी पायरी उखडली. धोंडा एका कुशीवर कलंडला. गुडघे टेकून तिने खालच्या खड्ड्यात हात घातला आणि मूठभर चिपा बाहेर काढल्या. चपट्या, एकावर एक रचलेल्या. तिच्या चिपा नेहमी उभ्या असत, कडेवर ठोकलेल्या. एकोणीस उन्हाळे तिने दुसऱ्या तऱ्हेने धोंडा बसवलाच नव्हता.

म्हणजे संशय खरा होता. या धोंड्यात एक पांढरी शीर होती. मागच्या मंगळवारी तिने तो बसवला तेव्हा शीर दरीच्या अंगाला होती आणि आज सकाळी चढताना ती डोंगराच्या अंगाला दिसली. धोंडे काही झोपेत कूस बदलत नाहीत.

तिने बत्तिसावी उखडली, मग चौतिसावी. दोन्हींखाली त्याच चपट्या चिपा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खालच्या वळणावर टोळीतले तिघे पाण्याच्या चरातला गाळ उपसत होते. मर्डो आठ उन्हाळे तिच्या हाताखाली होता, यूना पाच, आणि ग्रेगर यंदाच बोटी सोडून डोंगरावर आला होता. डोंगर ज्या संस्थेचा, तिची तपासनीस बाई शुक्रवारी ही पायवाट तपासायला येणार होती आणि पुढच्या उन्हाळ्यात टोळी कोणी चालवायची तेही त्याच दिवशी ठरणार होतं. मर्डोचं नाव चर्चेत आहे, हे इश्बेलला गावातल्या दुकानात कळलं होतं. कानामागून आला आणि तिखट झाला, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. पण ती बोलली नव्हती. आज मात्र ती पहार टेकत खाली आली आणि मुठीतल्या चिपा तिघांच्या पायांशी फेकल्या.

"एकतिसावी कोणी बसवली?"

"तू," मर्डो म्हणाला.

"आणि पुन्हा कोणी बसवली?"

यूना फावड्याचा दांडा पुसत राहिली. ग्रेगरने मानेवरची चिलटं मारली आणि हाताकडे बघत बसला.

या कामात एकच कायदा होता, आणि नवा माणूस आला की इश्बेल पहिल्या दिवशी तोच सांगायची. दुसऱ्याच्या धोंड्याला हात लावायचा नाही. धोंडा डुलत असेल तर बसवणाऱ्याला तोंडावर सांगायचं. तोच उखडणार, तोच पुन्हा बसवणार. रोज काम संपलं की म्होरक्याने वरून खाली उतरत प्रत्येक नव्या पायरीवर टाच आपटायची. पायरी बोलली, म्हणजे टाचेखाली हलली, की इश्बेल एवढंच म्हणायची, "उपट." भर पावसात, अंधार पडायला आला असताना लोकांनी शिव्या घालत धोंडे उपटले होते. आजूबाजूच्या चार खोऱ्यांत इश्बेलची टाच प्रसिद्ध होती.

"मी बसवली," मर्डो शेवटी म्हणाला.

"किती?"

"तेवीस. रविवारी तू बहिणीकडे जातेस तेव्हा."

मग ती सुटलीच. हा आला तेव्हा याला पहारीचं टोक कुठलं आणि दांडा कुठला ते कळत नव्हतं, इथून तिने सुरुवात केली. दोनदा त्याने पायाच्या बोटांवर धोंडा घेतला होता. दोनदा तिने त्याला पाठीवर टाकून झोपडीपर्यंत नेलं होतं. त्याच्या लग्नात तिने उसना घागरा घालून नाचसुद्धा केला होता, तोही तिने उकरून काढला. मर्डो मान खाली घालून ऐकत होता, त्यामुळे ती आणखीच पेटली.

"माझी जागा हवी होती तर तोंडाने मागायचीस. पाठीमागे एकेक पायरी काय काढून घेतोस?"

"डुलत होत्या त्या."

"डुलत होत्या? रोज माझी टाच फिरते त्यांच्यावरून."

यूनाने फावडं खाली ठेवलं.

"सदतिसावी राहिलीय अजून," ती म्हणाली.

इश्बेल तशीच वर चढली. सदतिसाव्या पायरीवर उभी राहिली आणि सगळं अंग टाकून टाच आपटली. काही नाही. पुन्हा आपटली. धोंडा डोंगरात रुजल्यासारखा होता.

"या," तिने वरून हाक मारली. "हाताच्या काकणाला आरसा कशाला? उभे राहा आणि बघा."

चहाची वेळ झालीच होती. यूनाने चहा ओतला होता. मर्डो काठोकाठ भरलेला पत्र्याचा मग घेऊन वर आला आणि इश्बेलला देण्याऐवजी वाकून त्याने तो सदतिसाव्या पायरीच्या कडेला ठेवला.

"आता मार," तो म्हणाला.

तिने टाच आपटली. चहा मगातून सांडला. तिने पुन्हा आपटली. पत्र्याचा मग थोडा सरकला, आणि धोंड्याची दरीकडची कड किंचित खाली जाऊन वर आली. तिला ती डोळ्यांनी दिसली. पायाला मात्र काही म्हणजे काही लागलं नाही.

ती त्या मगाकडे बघत राहिली. हिवाळ्यात डॉक्टरने तिच्या तळव्यांना सुई टोचली होती आणि कुठे टोचतेय विचारलं होतं. तिने तीनदा चुकीचं सांगितलं होतं. रक्तात साखर आहे, म्हणाला. गोळ्या खाते, पाव सोडते, असं सांगून ती परत आली आणि कोणाला काही बोलली नाही. बोटं तेवढी बधिर झालीत, टाच शाबूत आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"जूनपासून," यूना म्हणाली. "तू चुलीला पाय लावून बसली होतीस. बुटाचा तळ वितळायला लागला, आम्हाला वास आला. तू आपली चहा पीत होतीस."

"आणि मला सांगितलं नाही."

"तुला तोंडावर कोण सांगणार, बाई?"

"दर सोमवारी ठरवायचो," मर्डो म्हणाला. "आज सांगू म्हणून. मग तू वर यायचीस आणि..."

त्याचे डोळे लाल झाले होते. इश्बेलला त्याची दया आली नाही. तिला त्याच्या एक मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटली, तिघांच्याही. जागेसाठी केलं असतं तर परवडलं असतं. तीन महिने ही माणसं तिची कीव करत होती आणि ती ऐटीत टाच आपटत फिरत होती.

मग तिच्या लक्षात आलं. तिने खाली बघितलं. एकोणतीसपासून साठपर्यंतच्या पायऱ्या तिच्या होत्या. खालच्या अठ्ठावीस त्या तिघांच्या.

"माझ्या तू पुन्हा बसवल्यास," ती सावकाश म्हणाली. "आणि तुमच्या? त्या कोणी तपासल्या?"

ग्रेगरने यूनाकडे बघितलं, यूनाने मर्डोकडे. कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. मे महिन्यापासूनची एकेक पायरी याच मेलेल्या टाचेने पास केली होती.

"गाढवांनो," इश्बेल म्हणाली. "उद्या एखादी म्हातारी यावरून घरंगळली, तर तिला काय सांगणार? आमच्या बाईचं मन मोडवेना, म्हणून?"

ती खाली बसली, सदतिसावीखाली पहार घातली. मर्डो पुढे झाला तसा तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो मागे सरला. तिने धोंडा एकटीने उखडला, खड्डा खोल केला, चिपा उभ्या लावून हातोडीने ठोकल्या आणि धोंडा परत बसवला. पाऊण तास लागला. नंतर कडेला पाण्याने भरलेला मग ठेवून टाच आपटली. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही.

"शुक्रवारी त्या बाईला मी सांगेन," ती उठत म्हणाली. "माझ्या तोंडाने. मध्ये कोणी बोलायचं नाही. तोवर टोळी माझी आहे."

ती खाली उतरत पहिल्या पायरीपर्यंत गेली आणि तिथून वर यायला लागली. पायरीवर मग ठेवायचा, टाच आपटायची, की पुढची पायरी. तिघे तिच्या मागून येत होते, शाळेतल्या मुलांसारखे. अकरा पायऱ्यांवर पाणी मगातच राहिलं. बाराव्या पायरीवर ते उसळलं आणि धोंड्यावरून ओघळत दरीकडे गेलं.

"कोणाची?"

"माझी," मर्डो म्हणाला.

"उपट."

मर्डो पहार आणायला वळला. इश्बेलने रिकामा मग यूनापुढे धरला आणि म्हणाली, "भर."