तिवईभोवतीच्या खुणा

मित्रांनो, मला पाय तीन आहेत आणि तिन्ही जुने झाले आहेत. पाठ मला कधी नव्हतीच. मी एका चित्रकारणीच्या खोलीतली तिवई आहे. माणसं माझ्यावर बसतात, ती समोर उभी राहून त्यांना कागदावर उतरवते, आणि मी खाली गप्प राहून त्यांचा भार पेलते. सांगायला एवढंच आहे. पेलायला मात्र पुष्कळ होतं.

मला घडवलं तिच्या बापाने. तो सुतार. लेक चित्रं शिकायला निघाली तेव्हा त्याने विचारलं, "तिथे माणसं बसतात कशावर?"

"मिळेल त्यावर, बाबा."

"तासन्‌तास? मिळेल त्यावर?"

तो रंधा घेऊन बसला. एका दाराच्या चौकटीचं लाकूड उरलं होतं, त्यातून त्याने मला काढलं. माझी कड त्याने इतकी घासली की उघड्या कातडीला ती कुठे टोचू नये. कारण लेक काय शिकणार हे त्याला ठाऊक होतं. माणूस जसा जन्माला येतो आणि पुढे जसा झिजतो, तसा काढायला ती शिकणार होती. शेजारी नाकं मुरडत. तो म्हणायचा, "देह काय परका आहे? रोज आंघोळीला भेटतो."

तेव्हापासून मी तिच्या खिडकीपाशी आहे. माझ्यावर ओझी वाहून वाकलेला हमाल बसला, गुडघे दुखणारी नर्तकी बसली, नववा महिना लागलेली एक शिक्षिका बसली. प्रत्येकासाठी धुतलेली चादर घडी करून माझ्यावर अंथरली जाई. दाराला आतून कडी, बैठक चालू असताना खोलीत फोन नाही, आणि भिंतीवर खुंटीला एक शाल. वीस मिनिटं बसायचं, मग पाच मिनिटं शाल गुंडाळून हातपाय मोकळे करायचे. उठण्याआधी चित्रकारीण वाकून खडू घेई आणि बसलेल्याच्या पावलांभोवती, माझ्या पायांभोवती पांढऱ्या रेघा ओढी. परत येणाऱ्याला आपली जागा नेमकी सापडावी म्हणून. मला त्या रेघा फार आवडत. कुणी तरी परत येणार आहे, एवढंच त्या सांगत असत.

चित्रं पूर्वी भिंतीवर लागत आणि ओळखीची चार माणसं बघून जात. मग ऑनलाइन पान आलं, आणि तिची चित्रं दूरदूरच्या लोकांनी पाहिली. कुणी लिहिलं, "हे पोट माझ्या आईचं आहे." त्या दिवशी चित्रकारीण खोलीभर गुणगुणत फिरली. अकरा वर्षं ते पान तिने रोपासारखं जपलं. नवी माणसं तिथूनच तिला शोधत यायची.

आणि एका सकाळी शिक्षिकेचं चित्र तिथून नाहीसं झालं. खाली एक ओळ होती: हे आमच्या नियमांत बसत नाही. तिने विनंती केली, की कृपा करून पुन्हा बघा. एका मिनिटात उत्तर आलं, बघितलं, बसत नाही.

"एका मिनिटात?" ती म्हणाली. "मला नुसता खांदा बघायला अर्धा तास लागतो."

मग हमाल गेला, नर्तकी गेली. दोन भोपळ्यांचं एक साधं चित्र होतं, तेही गेलं. मित्रांनो, हसू नका. ती हसली होती, पण पुढे महिनाभर पान बंद होतं तेव्हा नाही. शेवटची ताकीद आली होती. आणखी एक चूक, की पान कायमचं जाणार.

तिचा मित्र मूर्तिकार एकदा येऊन माझ्यावर बसला. म्हणाला, "मी आता सगळ्यांना पाठमोरंच दाखवतो. माझ्या जगात कुणाला पोटच उरलं नाही."

"आणि विचारलं तर?"

"म्हणतो, रुसलेत सगळे."

दोघंही हसले. ते हसू मात्र फार टिकलं नाही. त्या आठवड्यात तिने कागदी चिकटपट्टी आणली. चित्र पूर्ण व्हायचं, मग त्यावर दोन तुकडे चिकटवून पानासाठी फोटो काढायचा, मग हलक्या हाताने तुकडे सोलायचे. सोलताना कोळशाची भुकटी पट्टीबरोबर यायची. पुढे पट्टीऐवजी ती कागदावरच एखादी सावली ओढू लागली. कधी हाताची, कधी पदराची. दोन वर्षं हे चाललं. आपण काय करतो आहोत हे तिला सुरुवातीला कळत होतं. नंतर कळेनासं झालं.

आणि मग नर्सताई आल्या. तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या. नऊ वर्षांपूर्वी त्या स्वतःच तिथल्या खाटेवर झोपल्या होत्या, आणि डावा स्तन आजाराला देऊन घरी परतल्या होत्या. खुंटीची शाल हातात धरून त्या म्हणाल्या, "हजारो जखमा धुतल्या गं मी. माझीच मला आरशात बघवत नाही. तू काढ. कागदावर असली तर बघीन म्हणते."

"घाई करणार नाही मी, ताई."

"कर की. माझं वय बघ."

चार रविवार त्या माझ्यावर बसल्या. पहिल्या रविवारी त्यांचा सगळा भार उजव्या अंगावर होता, जणू डावी बाजू दुसऱ्या कुणाची आहे. चौथ्या रविवारी त्या दोन्ही बाजूंनी सारख्या टेकल्या. हे फक्त मला कळलं. बसल्या बसल्या त्या हळू आवाजात म्हणत असत,

"देहाचं घरटं, एक काडी गं गळाली,
आतली पाखरं, नाही उडूनिया गेली."

चित्र झालं. त्या शाल गुंडाळून कागदासमोर गेल्या.

"ही ओढणी कुठून आली?"

"कुठली ओढणी, ताई?"

"ही. डाव्या बाजूला. मी तर काही पांघरलं नव्हतं."

चित्रकारणीने बघितलं. छातीच्या डाव्या अंगावर एक मऊ, सुरेख सावली उतरली होती. व्रण तिच्याखाली कुठेच नव्हता, कारण तो काढलाच नव्हता. मित्रांनो, तिने मुद्दाम केलं नव्हतं. तिच्या हातानेच आता त्या जागेला वळसा घालायचं ठरवलं होतं.

नर्सताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "डॉक्टरांनी कापलं ते आजारापायी," त्या म्हणाल्या. "तू झाकलंस ते कुणापायी?"

कपडे घालून, शालीची नीट घडी करून त्या गेल्या.

त्या दुपारी इतक्या वर्षांत पहिल्यांदा चित्रकारीण माझ्यावर येऊन बसली. चादर न घालता. समोर तिचाच चित्रफलक, त्यावर ती ओढणी. माझ्यावरून तिची खोली कशी दिसते हे तिला ठाऊकच नव्हतं. ती हलेना. शेवटी तिने बोटांनी माझी कड चाचपली, बापाने घासलेली, आणि तो कागद उलटा करून ठेवला.

नर्सताईंना तिने फोन केला. तिकडचं मला ऐकू आलं नाही. इकडून ती एवढंच म्हणाली, "माफ करा म्हणत नाही, ताई. पुन्हा बसा म्हणते."

सहा आठवडे कुणी आलं नाही. खोली रोज झाडली गेली, पण माझ्याभोवतीचा वीतभर भाग सोडून. एका रविवारी दार वाजलं. नर्सताई आत आल्या आणि खाली बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या पावलांच्या पांढऱ्या रेघा होत्या तशा होत्या.

"पुसल्या नाहीस?"

"पाऊल कुठे ठेवायचं ते तुम्हाला कळायला नको?"

"आळशी आहे म्हण सरळ," त्या म्हणाल्या, आणि घडी घातलेली ती शाल त्यांनी पुन्हा खुंटीला अडकवली.

या वेळी तिने व्रणापासूनच सुरुवात केली. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत, टाक्याटाक्याने, जशी वाट काढावी तशी. चित्र झाल्यावर नर्सताई समोर उभ्या राहिल्या. त्यांनी बोट उचललं, कागदाला लावलं नाही, त्या रेषेवरून हवेतच फिरवलं. "अस्सं होय," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या बायकांना बघायला मिळायला हवं हे."

हेच तर अवघड होतं. पानावर टाकलं तर इतकी वर्षं एका मिनिटात जाणार. झाकून टाकलं तर काय जाणार, ते दोघींनाही आता माहीत होतं.

चित्रकारीण फोटो काढायला उभी राहिली. चित्राचा नाही, माझा. रिकामी तिवई, घडी घातलेली चादर, आणि पुढे खडूने आखलेली दोन पावलं. खाली तिने लिहिलं, "इथे बसलेल्या बाईचं चित्र माझ्या भिंतीवर आहे. ते या पानावर दाखवू देत नाहीत, आणि झाकून मी दाखवणार नाही. बघायचं असेल तर दार वाजवा."

मित्रांनो, मी नियमांत बसले. लाकडाला कोण काय म्हणणार? मी दूरदूर फिरले, आणि त्याचा मला अभिमान वाटला नाही. जिने मला अर्थ दिला ती भिंतीवर थांबली होती, आणि रिकामी मी जगाला चालत होते.

पण दार वाजलं. आधी एक, मग दोघी, मग लेकीचा हात धरून एक म्हातारी. त्या चित्रासमोर उभ्या राहत. एकीने डाव्या खांद्यावरची पिशवी काढून उजव्या खांद्यावर घेतली. ज्या बाजूला ती भार देत नव्हती, तिलाच तिने तो दिला; मला ते समजलं.

माझा एक पाय आता डुगडुगतो. माझ्या वयाच्या वस्तू अशा वेळी म्हणतात, आम्हाला अडगळीत टाकू नका, एक खिळा ठोका. तेही करा. पण माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्यासमोर कुणी भरवशाने येऊन बसलं, तर एका मिनिटात नजर काढून घेऊ नका. आणि तुमचा हात कशाला वळसा घालू लागला आहे, ते अधूनमधून तपासत जा.

काल एक बाई आली. चित्रासमोर उभी राहिली, मग माझ्याकडे वळली. "इथेच बसायचं का?" तिने विचारलं.

चित्रकारीण धुतलेली चादर घेऊन आली. मग तिने ओल्या फडक्याने जुन्या रेघा पुसल्या आणि खिशातून खडू काढला.