पाठीमागची वेणी

“श्वास सोडून उभी राहा,” वस्ताद म्हणाला, जणू श्वासही काट्यावर मोजला जातो.

थोरलीनं श्वास सोडला आणि वजनकाट्यावर पाय ठेवला. एका बाजूनं आईनं आणि दुसऱ्या बाजूनं आयोजकांकडच्या बाईनं चादर धरली होती, कारण अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता वजन करायची पाळी आली होती. आकडा जरासा थरथरला आणि नको तिथं जाऊन थांबला.

“अजून थोडं उतरायला हवं,” बाई म्हणाली. “मूठभर तांदूळ समजा. तासाभराची मुदत आहे.”

तासाभरात काय उतरणार होतं? मीठ बंद होऊन दिवस झाले होते, कालपासून पाण्याचा थेंब पोटात गेला नव्हता. सकाळपासून कढत पाण्याच्या टबात बुडून, मग घोंगड्या गुंडाळून पडून, पुन्हा टबात उतरून तिनं अंगातला घाम शेवटच्या थेंबापर्यंत काढला होता. आता थुंकायलाही तोंडात काही नव्हतं. गंमत अशी, की माणूस इतका सुकला की त्याला सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसू लागतं. भिंती हलक्या हलतात, माणसं हळू चालतात, बोलणं ओठांमागून जरा उशिरानं येतं. प्रत्येक लढतीच्या आदल्या दिवशी थोरलीला हे असं व्हायचं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. तेवढा वेळ तिच्याकडून कुणाला काही नको असायचं.

वस्तादाची नजर तिच्या डोक्यावर गेली, तिथून आईकडे गेली आणि पटकन जमिनीकडे वळली.

“काकू,” तो म्हणाला, “रागावू नका. पण आता एकच गोष्ट राहिलीय.”

आई काय ते समजली. थोरलीचे केस कमरेखाली उतरत होते, दाट आणि ओले. मारामारीचा धंदा करणाऱ्या बाईनं एवढे केस कशाला बाळगावेत, असं तालमीतल्या पोरी तिला नेहमी विचारायच्या. ती हसण्यावारी न्यायची. खरं कारण सांगायला बसलं असतं तर पार पहिल्या लढतीपर्यंत मागं जावं लागलं असतं.

त्या पहिल्या लढतीला आई पहिल्या रांगेत बसली होती. नवीन साडी नेसून आली होती बिचारी. जाळीच्या पिंजऱ्यात दोन बायका एकमेकींना लाथा घालतात, बुक्क्या मारतात, खाली पाडून नरडं आवळतात, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्या खेळात सुटायची एक वाट असते. सहन होईनासं झालं की समोरचीच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की ती त्याच क्षणी सोडते, खेळ संपतो, आपण हरतो. त्या दिवशी थोरलीचा गळा आवळला गेला, वस्ताद “थोपट, थोपट” म्हणून ओरडत राहिला, पण ती काही थोपटेना. शेवटी उघड्या डोळ्यांनीच तिची शुद्ध गेली. काही क्षणांनी उठून बसली आणि “कोण जिंकलं?” म्हणून विचारू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या, तिचं नाव ‘चिवट’ पडलं आणि पुढं भित्तिपत्रकांवर तेच छापून येऊ लागलं.

आईनं मात्र आपली पोर मेलेली बघितली होती. ती परत उठली ही पुढची गोष्ट.

घरी आल्यावर आईनं आदळआपट केली नाही की शपथा घातल्या नाहीत. एवढंच म्हणाली, “केस डोळ्यांत येत होते तुझे. इथून पुढं वेणी मी घालीन. बघणार मात्र नाही.” आणि शब्दाला जागली. कालपरवापर्यंत जिथं फर्निचरचं प्रदर्शन होतं असल्या सभागृहांत, गळक्या क्रीडासंकुलांत, लेक नेईल तिथं ती पिशवी घेऊन गेली. पिशवीत फणी, पाण्याची वाटी आणि काळा दोरा. तेल चालायचं नाही, पिना चालायच्या नाहीत. लेकीला दोन गुडघ्यांत घट्ट धरून बसवायची, कपाळापासून कवटीला चिकटून वेणी घालत जायची, शेवटी दोऱ्याची गाठ मारून टोक आत खोवायची आणि खांद्यावर दोनदा थोपटायची. “झालं.” मग थोरली पिंजऱ्याकडे जायची आणि आई तिथंच स्टुलावर डोळे मिटून बसून राहायची. लेक स्वतःच्या पायांनी परत आली की डोळे उघडायची आणि वेणी सोडायला घ्यायची. इतक्या वर्षांत थोरलीचं नाक मोडलं, कान सुजून कायमचे गड्ड्यासारखे झाले, धाकट्या बहिणीचं लग्न होऊन तिची मुलंही शाळेत गेली. “आज बघशील?” हे विचारणं काही थोरलीनं सोडलं नाही, आणि आईचं उत्तर काही बदललं नाही.

उद्याची लढत शेवटची होती. डाव्या डोळ्यापुढं अधूनमधून पडदा येऊ लागला होता आणि डॉक्टरनं हात जोडून सांगितलं होतं, बाई, आता पुरे. थोरलीनं ऐकलं होतं. तिला एकच हवं होतं. पंचानं आपला हात वर करावा आणि तो आईनं बघावा. पण लढायला मिळण्यासाठी आधी काट्यानं होकार द्यायला हवा होता.

वस्तादानं प्रथमोपचाराच्या पेटीतून कात्री काढली.

“आण इकडं,” आई म्हणाली. “दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.”

थोरली मान खाली घालून बसली. कात्री बँडेज कापायची, बोथट. एकेक बट कुरतडत निघत होती. थोरलीला वाटलं, कुणीतरी आपल्या अंगावरून हळूहळू पांघरूण काढून घेतंय.  पडलेले केस आईनं टॉवेलात गोळा केले, टॉवेलाची गाठ मारली आणि काट्यावरच्या बाईला म्हणाली, “आता बघा.”

काट्यानं होकार दिला. थोरली पाणी प्यायली, पुन्हा प्यायली आणि भिंतींचं हलणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत आई नेहमीसारखी पिशवी घेऊन हजर झाली. स्टुलावर बसली, वाटीत पाणी घेतलं, फणी मांडीवर ठेवली, आणि मग तिच्या लक्षात आलं. थोरलीच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे खुंट उरले होते. आईनं त्यांवरून एकदा तळवा फिरवला.

“हाताला काही लागतच नाही गं,” ती म्हणाली.

थोरलीला रडू आलं असतं, पण वस्ताद तिच्या हातांना पट्ट्या गुंडाळत होता आणि त्याच्यापुढं रडायची तिला सवय नव्हती.

त्या दिवशी बायकांची लढत एकच होती, म्हणून बायकांना खोलीही एकच मिळाली होती. मधे नुसता पडदा. पलीकडं समोरची पोरगी होती, जेमतेम विशी ओलांडलेली, लांब केसांची. पंच नखं आणि हातमोजे तपासायला येऊन गेला आणि जाताना तिला बजावून गेला, “केस असे चालणार नाहीत. सुटले तर लढत थांबवीन.” तिची वेणी घालणारी मैत्रीण आजारी पडून घरीच राहिली होती. उरला तिचा कोच. आडदांड माणूस, त्यानं जन्मात बुटाच्या नाडीपलीकडं काही बांधलं नसावं. “आई गं!” पोरगी कळवळली. “सर, ओढू नका ना.” “मग काय फुंकर मारून बांधू?” सर घामाघूम होऊन म्हणाले.

आईनं बराच वेळ दम धरला. शेवटी फणी उचलून उभी राहिली आणि थोरलीकडे बघितलं.

“काकू, अहो, ती आपली शत्रू आहे!” वस्ताद दबक्या आवाजात म्हणाला.

“ती असेल. तिचे केस कुठं शत्रू आहेत?”

“जा,” थोरली म्हणाली. म्हणताना तिला वाटलं होतं, आपलं मन केवढं मोठं आहे.

पडद्याच्या फटीतून तिला दिसत होतं. पोरगी आईच्या गुडघ्यांत बसली होती. “मान हलवू नकोस,” आई म्हणाली. तेच शब्द, तोच आवाज. फणी पाण्यात बुडत होती, बोटं भराभर पेड उचलत होती, आणि पोरीचे डोळे हळूहळू मिटत चालले होते.

“दुखतंय का गं?”

“नाही मावशी. बरं वाटतंय. झोप येईल असं वाटतंय.”

आईनं दोऱ्याची गाठ मारली, टोक खोवलं आणि पोरीच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. “झालं.”

पोरगी उठली. जाता जाता वळून म्हणाली, “मावशी, तुम्ही बघायला बसाल ना? माझ्या घरचं कुणीच आलं नाहीये.”

आई फणीतले केस काढत राहिली. मग म्हणाली, “बसते.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर मागून जे मिळालं नाही ते या उपऱ्या पोरीनं एका वाक्यात पदरात पाडून घेतलं. आई पडद्याअलीकडं आली तेव्हा थोरलीनं तोंड फिरवलं.

“आज बघशील?” या वेळी तिनं विचारलंच नाही.

पिंजऱ्याचं दार लागलं आणि थोरली त्या रागावरच लढली. पहिली फेरी तिची झाली, दुसरीही जवळजवळ तिचीच. पोरीच्या भुवईवर जखम झाली, ओठ फाटला. वेणी मात्र केसभरही ढळली नाही. तिसऱ्या फेरीत थोरलीचा राग सरला आणि वय उरलं. पोरीनं तिचे पाय उचलले, तिला पाठीवर पाडलं, एक दंड आणि गळा एकाच मिठीत धरला आणि डोकं तिच्या गालाला लावून आवळायला सुरुवात केली.

गलका लांब गेला. कालच्यासारखं सगळं पुन्हा पाण्याखाली जाऊ लागलं. आणि अगदी डोळ्यांसमोर, वीतभरही अंतर नाही इतक्या जवळ, थोरलीला ती वेणी दिसली.

एकावर एक चढत गेलेले पेड. सगळ्यांना सारखाच ताण, एक बट इकडची तिकडं नाही. फक्त कानामागं एक पेड किंचित वाकडा होता, जिथं आईची आखडलेली करंगळी अडत असणार. थोरली बघतच राहिली. इतकी वर्षं हे आपल्या डोक्यामागं होतं आणि आपण कधी बघितलंच नाही. आरशात पुढचंच दिसायचं, फोटो पुढूनच निघायचे. एवढं सुंदर काम घेऊन आपण मार खायला जात होतो!

दिवे मऊ झाले. पाठीखालची चटई घरातली फरशी झाली, खिडकीतून ऊन आलं. ती लहान होती, आईचे गुडघे दोन्ही बाजूंनी घट्ट होते, आणि मान हलवायची नव्हती. किती बरं वाटत होतं. आता नुसतं सोडून द्यायचं, पहिल्या वेळी दिलं होतं तसं. चिवट शेवटपर्यंत चिवट राहिली म्हणतील लोक. कुणीतरी लांबून ओरडत होतं, वस्तादच असणार. त्याला ओरडू दे.

पोरीच्या खांद्यापलीकडं जाळी होती आणि जाळीपलीकडं आई. पिशवी पोटाशी धरून पहिल्या रांगेत बसली होती. डोळे उघडे होते. पापणीसुद्धा लवत नव्हती. आणि ती पोरीकडे बघत नव्हती.

थोरलीचा मोकळा हात आपोआप उचलला गेला. पोरीच्या खांद्यावर, अगदी हलकेच, तिनं दोनदा थोपटलं.

पोरीनं त्याच क्षणी सोडलं. श्वास आत आला, गलका परत आला, पंचानं पोरीचा हात वर केला. पोरगी हुंदके देत होती आणि थोरलीला मिठी मारून “सॉरी ताई, सॉरी ताई” म्हणत होती. थोरलीनं तिची पाठ चोळली.

“थोपटलंस?” वस्ताद तिच्याकडं भूत बघावं तसा बघत राहिला. “तू?”

“हो,” थोरली म्हणाली. “थोपटलं.” आणि कुणाचा आधार न घेता चालत खोलीत आली.

थोड्या वेळानं पोरगी पडदा सारून डोकावली. भुवईला टाके पडले होते. “मावशी, वेणी सोडता का? मला गाठच सापडत नाहीये.” आईनं तिला बसवलं, दोरा सोडला, पेड उलगडले, ताणानं दुखऱ्या झालेल्या कातडीवरून बोटं फिरवली. पोरगी आईच्या पाया पडली, थोरलीकडे बघून ओशाळवाणी हसली आणि गेली.

आईनं स्टूल ओढलं. “बस,” ती थोरलीला म्हणाली.

“आता काय सोडायचंय, आई?”

“बस म्हटलं ना.”

थोरली खाली बसली. दोन्ही बाजूंनी गुडघे आले. आईची बोटं मानेपाशी जिथं गाठ असायची तिथं गेली, गाठ सोडल्यासारखी थांबली, मग एकेक पेड उलगडत वर वर कपाळापर्यंत आली. उलगडलेले केस ती पाठीवरून पार कमरेपर्यंत सोडत होती. नेहमी लागायचा तेवढाच वेळ तिनं घेतला.

“बघितलंस?” थोरलीनं विचारलं.

“बघितलं.”

“हरले गं मी.”

“हो,” आई म्हणाली.  “पण जागी होतीस.”

मग आईनं फणीला न लागलेले केस फणीतून काढले, फणी पिशवीत ठेवली आणि लेकीच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

“झालं.”

थोरली उठली नाही.